ढिला पट्टा

बारा जानेवारी. ज्वारी दळायला शेलूबाजारच्या गिरणीवर गेले. सोबत मुलगी, तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी संशोधनाच्या जागेसाठी तिची ऑनलाइन मुलाखत होती आणि एका प्रश्नाचं सोपं उत्तर तिला सापडत नव्हतं. कर्करोगाची पेशी एवढी अधाशी, मग तिच्यातली काही प्रथिनं ऊर्जा नुसती उष्णता करून वाया का घालवतात?

गिरणीवालीच्या भुवयांवरही पीठ होतं. दर दोन मिनिटांनी ती मोटरीवर तळहात टेकवून बघायची. पट्टा घसरत होता, पीठ रडतखडत पडत होतं.

"पट्टा ढिला पडला तुमचा," मी सुनावलं.

"पडला नाई वो बाई, म्या ठेवला! घट्ट केला अन् जातं अडकलं, तं मोटर जळते. थोडं वाया गेलं तं जाऊ द्या, गिरणी तं जगते!"

मुलगी किंचाळली, "आई, पेशीपण जळू नये म्हणूनच ढील देते!" आणि तिनं गिरणीवालीला मिठीच मारली.

"पोरीले काय चावलं वो?"

हसता हसता आम्ही तिघी पिठानं पांढऱ्याफटक झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत सुरू झाली तसा मी बंद दाराला कान लावला. आत ती गिरणीचा पट्टा समजावत होती आणि पलीकडचे मुलाखत घेणारे खळखळून हसत होते. घरात पीठ भरपूर होतं, तरी गव्हाचा डबा उचलून मी गिरणीवर पळाले.