उजवा कौल

सन एकोणीसशे एकतीस. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. आता ऐंशीच्या घरात आलो, गुडघे गेले, दात गेले – पण त्या सालातली एक गोष्ट पोटात तशीच आहे. बायको गेली, तिलाही सांगितली नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच सांगता येतेय की काय, कोण जाणे.

माझं शिक्षण दुसरी यत्ता. पुढे चिरेखाण. जांभ्या दगडाचा चिरा सरळ कसा काढावा ते मला विचारा – हातखंब्यापासून रत्नागिरीच्या बंदरापर्यंत कितीतरी भिंती माझ्या हातच्या चिऱ्यांच्या आहेत. कोणापुढे मान खाली घातली नाही. आणि माझा सखाराम मॅट्रिकला बसला. आमच्या वाडीतला पहिला. पास होऊन मामलेदार कचेरीत लागणार, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कोणी विचारलं नव्हतं, तरी.

त्याच्या शाळेतल्या एका मास्तरांनी त्या वर्षी एक उद्योग काढला होता. मॅट्रिकच्या पोरांच्या घरी जायचं आणि विचारायचं – पास झाला तर काय, आणि नाही झाला तर काय? एक वही केली होती त्यांनी. प्रत्येक पोराच्या नावाखाली दोन वाटा लिहायचे. दुसऱ्या वाटेसाठी पत्रंही स्वतःच धाडायचे – कोणाला छापखान्यात, कोणाला दवाखान्यात, कोणाला गावच्या शाळेवर.

मला हे पटेना. पेपर देऊन पोर घरी आलेलं, आणि आपण दारात जाऊन नापास हा शब्द काढायचा? नारळ फोडायच्या आधीच कुजका म्हणायचं?

आमच्याकडे आले ते खळ्यात बसले. मला म्हणाले, गोविंदराव. मला राव कोणी म्हणत नाही – गोविंदा, नाहीतर अरे. मी तिथेच सावध झालो. फुकट कोण दोन कोस चालत येतो? स्वतःच्या पैशाने तिकिटं कोण चिकटवतो? पुढे एकदा शाळेच्या शिपायाला गाठून विचारलं, हा मास्तर पोरांमागे काही खातो काय. तो हसला. मला वाटलं, हाही त्यात आहे.

मास्तर हात धुवायला उठले तेव्हा मी ती वही उघडली. दुसरी यत्ता असलो तरी अक्षर लागतं मला. बाकी पोरांच्या 'न झाल्यास'खाली दोन-तीन ओळी. सखारामच्या खाली – पान भरून. आणि 'झाल्यास'खाली दोनच शब्द, मामलेदार कचेरी. म्हणजे ह्याने माझा पोरगा नापास धरलाच की! त्या भरलेल्या पानाचा दुसराही अर्थ होत होता. तो मला दिसला नाही – की मी बघितला नाही?

दुसरी वाट अशी होती. मुंबईला घरांचे, पुलांचे नकाशे काढणारी एक कचेरी होती. सखारामच्या हाताला रेघ होती, पट्टीशिवाय सरळ ओढायचा. मास्तरांनी त्याने काढलेले दोन कागद तिकडे पाठवले, आणि होकार आला. मॅट्रिक नसलं तरी चालेल, मात्र मे संपायच्या आत हजर व्हावं. मे संपला की पावसाळाभर आगबोटी बंद. म्हणजे निकाल लागायच्या आधीच जायला हवं. म्हणजे साऱ्या वाडीने म्हणावं – गोविंदाचा पोर निकालाची वाट न बघता पळाला.

सखाराम जातो म्हणाला नाही. पण पेन्सिली तासायला लागला. कागद मेणकापडात बांधून ठेवले.

मी नाही म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, का? उत्तर कुठे होतं माझ्याकडे? म्हणून म्हटलं – देवाला विचारू. देव सांगेल तसं.

आमच्याकडे कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी एकटाच गेलो. सखाराम येतो म्हणाला, त्याला म्हटलं, तू थांब.

आता त्या पोटातल्या गोष्टीकडे येतो. येतो म्हणतो, आणि अजून खाणीकडेच पाय वळतायत.

उजवी पडली. वाट बघायलासुद्धा लागली नाही. गुरव म्हणाला, "उजवा दिला हो देवान. पाठव पोराक."

घरी आलो. सखाराम खळ्यात उभा होता. मी म्हटलं, डावा पडला.

एवढंच. त्याने मेणकापडाची गाठ सोडली, कागद फळीवर ठेवले. शेवटची बोट सुटली त्या दिवशी वारा बंदराकडचा होता, भोंगा आमच्यापर्यंत आला. तो गोठ्यात होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

निकाल लागला. इंग्रजीत गेला.

इथवरचं सांगून थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, चूक झाली माणसाच्या हातून. पण मास्तर पुन्हा आले – छत्री मिटून पडवीत बसले. 'मी सांगितलं होतं ना', असं एका अक्षराने म्हणाले नाहीत. म्हणाले, कचेरीला पुन्हा लिहिलं होतं, नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू होतील तोवर ती जागा ठेवतायत. फक्त होय म्हणा.

आता झाकायला काय उरलं होतं? नापास झाल्याचं वाडीला कळलं होतं. सखारामने मास्तरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"बाबा, कौल डावाच पडला होता ना?"

"हो रे. डावाच."

पहिल्या वेळेला गर्व म्हणेन. ह्या वेळेला काय म्हणू? मास्तर खरा ठरला होता, देव खरा ठरला असता, आणि खोटा एकटा मी उरलो असतो. मास्तरांनी वही मिटली. देवापुढे माझं काय चालणार, म्हणाले आणि गेले.

पुढे दरसाल पहिला फणस मी गुरवाला नेऊन दिला. कशाबद्दल, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. देवळात तो सखारामशी बोलत उभा राहिला की मी खांबाआड थांबून ऐकायचो. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला – आणि मला माझ्यावरचा चुकवत फिरावं लागलं. गुरव गेला तेव्हा खांदा दिला मी. खांदा हलका वाटला. हेही सांगून टाकतो.

सखाराम चाळीस वर्षं चिरे काढतोय. कापायच्या आधी दगडावर कोळशाने रेघ ओढतो, पट्टी न घेता. नवं काम धरायचं तर आधी कौल लावतो. म्हणतो, देवाने मला एकदा अडवलं, काहीतरी बघूनच अडवलं असेल.

त्या साली मास्तर वही मिटून आमच्याकडून परत गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून खैराचं लाकूड काढलं आणि पडवीत बसून टिकावाला नवा दांडा तासला. सखाराम निजला होता. हाताचं माप घ्यायला त्याला उठवावं लागलं नाही.