दोन मिलिमीटरची कळी

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बारीकमामा म्हणत. मामा अंगाने चांगले घसघशीत होते. बारीक असायचे ते त्यांचे काप. मेणात बसवलेली कळी मायक्रोटोमवर चढवून ते इतके पातळ काप काढत, की जवळ कुणी शिंकायचं नाही असा दंडकच होता. सव्वीस वर्षं हेच काम. कळ्या तोडायच्या, लांबीप्रमाणे बाटल्यांत भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. कळीच्या लांबीवरून आतले परागकण कुठवर आलेत ते ठरायचं.

त्या दुपारी पीएचडी करणारी मुलगी त्यांना ओढतच सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन आली.

"बघा मामा. दोन मिलिमीटरच्या कळीतच कणांना भिंत. पुस्तकं खोटी पाडली आपण."

मामांनी डोळा लावला. भिंगातून त्यांना अजून लख्ख दिसे. कण सुटे, भिंत जाड, वर काटे. दोनच्या कळीत चार कण एकाच आवरणात असतात, एका पांघरुणातल्या भावंडांसारखे. त्या आवरणात भिंतीचा नुसता आराखडा पडतो. पुढे आवरण विरघळतं, भावंडं सुटी होतात आणि परागकोशाचं अस्तर माल पुरवतं, तशी भिंत चढत जाते. म्हणजे ही कळी तीनची होती.

वर्षभर मामांना पट्टीवरच्या रेघा दिसत नव्हत्या. 'मामांची नजर गेली' हे कानावर यायला नको, म्हणून ते नखाच्या अंदाजाने कळ्या भरत आले होते.

"सरांना फोन करते," मुलगी म्हणाली. "परिषदेत हेच मांडू."

"थांब, पोरी." मामांची मान वर होईना. "बाटली चुकलीय. मला रेघा दिसत नाहीत."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"मग सांगायचं ना, मामा. मी मोजल्या असत्या."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बहर संपला होता. आता कळ्या थेट पुढच्या वर्षी. तिने नाक ओढलं आणि सरांना फोन लावला.

"सर, दोनच्या कळ्यांत घोळ झालाय. मोजताना माझंच चुकलं."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात पुढे केला. तिने मान हलवून नको म्हटलं, तरी त्यांनी फोन घेतलाच.

"साहेब, मोजमाप माझं. ती पांघरूण घालतेय. मला दिसत नाही, आणि मी ते लपवलं."

पलीकडून सरांनी हळूच विचारलं, "वर्षभरात आणखी कुणाकुणाच्या बाटल्या भरल्यात, मामा?"

शेजारच्या टेबलांवर पीएचडी करणारे आणखी दोघं जण खाली माना घालून स्लाइड पाहत होते. मामांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि दबक्या आवाजात नावं सांगायला सुरुवात केली.