मागच्या गाडीची वेळ

"हा बी.ए. आहे," साहेब म्हणाले आणि मी सही केलेला कागद त्यांनी खिडकीच्या काचेला आतून चिकटवून धरला. "वाचून सही केलीय यानं. गाडी आली बुधवारी, सकाळी नऊला. तुझी गाडी याच्या मागंच होती ना? मग तुझी सोमवारी कशी आली रे?"

काचेच्या पलीकडं शिवाण्णा उभे होते. साठीला आलेले, माझ्या मागच्या गाडीचे ड्रायव्हर. अलीकडं मी होतो. खुर्चीवर. हातात चहाचा कप.

आम्ही दोघंही सोमवारी सकाळी सातलाच गेटवर लागलो होतो. तिकडं कन्नड मुलखात, तुमकूर रस्त्यावर, नेलमंगलाच्या पुढं मोठं गोदाम आहे. माल उतरवायला गाड्यांची रांग असते. करार असा की गाडी चोवीस तासांपेक्षा जास्त अडकली तर गोदामानं हॉल्टिंगचे, म्हणजे थांबल्याचे, पैसे द्यायचे. त्यातला वाटा ड्रायव्हरचा. म्हणून गेटबाहेरचे तास कागदावर येतच नाहीत. फाटक ओलांडलं की गाडी आली. त्याआधी गाडी नाही. तिच्यात बसलेला माणूसही नाही.

रांग कधी सरकेल सांगता येत नाही. सरकली आणि केबिन रिकामी दिसली, तर नंबर जातो. आतला संडास आम्हाला बंद. शिवाण्णांना साखरेचा आजार. सीटखाली त्यांनी एक रिकामी बाटली ठेवली होती. मी ती बघितली होती आणि बघितली नाही असं केलं होतं. मंगळवारी दुपारपर्यंत मला काहीच कळेनासं झालं. ऊन नाही, भूक नाही. पुढच्या ट्रकचं मागचं फळकूट तेवढं दिसत होतं.

मी जत तालुक्यातला. वडील मार्केट यार्डात हमाल. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. नोकरी लागली नाही, स्टीअरिंग मिळालं. त्याचं मला दुःख नव्हतं. शिकवणाऱ्या सरांचे, गाडी देणाऱ्या मालकाचे मी मनातून आभारच मानत होतो.

आणि गोदामाच्या या साहेबांचे. ते मूळ पुण्याचे, मराठी, इथं हेब्बाळला राहायला. पहिल्या खेपेला सही करण्याआधी मी कागद वाचत होतो, ते त्यांनी पाहिलं. "अरे, शिकलेला दिसतोस. ये, आत ये. आपलाच माणूस." खुर्ची पुढं केली. ड्रायव्हर झाल्यापासून मला कुणी खुर्ची दिली नव्हती. रात्री आईला फोन करून सांगितलं. खुर्चीचं.

कागदावरची वेळ खोटी आहे हे पहिल्या दिवसापासून मला वाचता येत होतं. "फॉर्मॅलिटी आहे रे," साहेब म्हणायचे. मी सही करायचो. माझे तास गेले तर माझे गेले, असा हिशेब होता माझा.

शिवाण्णांना वाचता येत नाही. पण वार कळतो. त्यांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं.

"तम्मा, सोमवारी रात्री भात कुठं खाल्लास? तूच सांग की साहेबांना."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. भात त्यांनीच शिजवला होता. गाडीच्या आडोशाला, स्टोव्हवर. ताट एकच होतं. आधी मला वाढलं होतं.

मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

हे माझं वाक्य आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

शिवाण्णा म्हणाले, "सरी." ठीक आहे, एवढंच. शाईच्या डबीत अंगठा बुडवला, कागदावर दाबला, भिंतीला पुसला.

साहेब हसले. मग माझ्या मांडीवर कागदांचा गठ्ठा ठेवला. "बाहेर अजून नऊ जण आहेत. तू वाचून दाखव, तुझं ऐकतात. पुढच्या वेळी तुला रांगेत उभा नाही करणार."

मला राग आला असं लिहायला आवडलं असतं. राग आला नाही. काहीच आलं नाही. फक्त दिसलं. खुर्ची कशासाठी होती ते दिसलं. मी आठ महिने सह्या करत होतो, आणि माझ्या प्रत्येक सहीनं माझ्या मागच्या माणसाला खोटं पाडलं होतं. काचेला चिकटवलेला कागद आज पहिल्यांदा दिसला, म्हणून तो पहिलाच होता असं नाही.

"साहेब, माझा कागद द्या जरा."

"कशाला?"

"एक लिहायचं राहिलं."

त्यांनी दिला. शिकलेल्या माणसावर विश्वास होता त्यांचा. मी सहीखाली लिहिलं: गाडी सोमवारी सकाळी सातला गेटवर आली. मागची गाडीही तेव्हाच आली. वरची वेळ खोटी आहे, हे माहीत असून मी सही केली होती. मागच्या गाडीचा नंबरही घातला.

साहेबांनी वाचलं. आवाज चढवला नाही. "लायकी नसताना खुर्चीवर बसवलं तुला."

मी उठलो.

"हे डॉक्युमेंट जाणार नाही. नव्यावर सही कर, नाहीतर पोच मिळणार नाही."

पोच नाही म्हणजे मालकाला भाडं नाही. मालकाचा फोन दहा मिनिटांत आला. "पोरा, आपल्याला या गेटवर नेहमी यायचंय. कर सही."

"नाही, मालक."

"शिकलेला माणूस ठेवला, हीच माझी चूक," ते म्हणाले. त्याच आठवड्यात गाडी काढून घेतली.

गठ्ठा मी त्या दिवशी उठतानाच बाहेर नेला होता. नऊही जणांना वाचून दाखवला, जसा होता तसा, वेळेसकट. चौघांनी तरीही सही केली. त्यांच्या घरी माणसं आहेत. पाच जण सही न करता थांबले.

शिवाण्णांचा अंगठा तोवर फायलीत गेला होता. मी त्यांच्या केबिनपाशी गेलो, काय लिहिलं ते सांगितलं.

"भात खाताना तुला वार माहीत होता," ते म्हणाले. "खिडकीत विसरलास." आणि गाडी सुरू केली.

मी त्यांची माफी मागितलेली नाही. मागितली असती तर मला बरं वाटलं असतं, त्यांचे दोन दिवस मिळाले नसते.

आता दुसऱ्या मालकाची जुनी गाडी चालवतो. खेपा कमी मिळतात. गेटवर लागलो की आधी मागच्या ड्रायव्हरला गाडीचा नंबर आणि वेळ विचारतो, आणि माझी न् त्याची, दोन्ही वेळा माझ्या पोचेवर लिहितो. खिडकीतले लोक कागद बाहेर फेकतात. मी तो उचलतो आणि परत आत सरकवतो. पुन्हा फेकला तर पुन्हा. खोट्या वेळेखाली माझी सही आता कुणाला मिळणार नाही.