चाचांचं वरचं बटण

मला माझ्या पायावर उभं केलं ते गुलाबचाचांनी. शिकवायला बाई होत्या, तपासायला परीक्षक होते, सर्टिफिकेटवर सह्या त्यांच्याच आहेत. पण मी पास झाले ती चाचांमुळं. गेल्या महिन्यात चाचा गेले. मी इथं पुण्यात वृद्धाश्रमात नोकरीला. वर्गातल्या मैत्रिणीचं पत्र हातात पडलं तोवर दफन होऊन आठवडा झाला होता...

आमचं गाव गगनबावड्याचा घाट उतरून खाली. सातवीत माझी शाळा सुटली. पुढं कळलं, की कोल्हापुरात एका कॉलेजात म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा वर्षाचा वर्ग निघालाय, मॅट्रिक नसलेल्यांनाही घेतात. वडिलांनी जाऊ दिलं, पण बजावूनच. नापास झालीस तर सरळ घरी यायचं, स्थळ बघून ठेवलंय.

चाचा मूळचे पेठ वडगावचे शिंपी, मुलाकडं कोल्हापुरातच राजारामपुरीत राहायचे. दर बुधवारी ते आमच्यासमोर खुर्चीत बसत आणि आम्ही त्यांच्यावर शिकत असू. नाडी बघणं, उठवणं, कपडे बदलणं... "धा पोरी माझी नाडी बघत्यात, आन् धा जणींची येगळीच येती की!" म्हणून स्वतःच हसत.

पहिल्या बुधवारी माझी पाळी आली. चुकायची इतकी भीती, की मी भराभरा त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून मोकळी झाले. चाचांनी सगळी बटणं पुन्हा सोडली.

"पोरी, मी गाठोडं न्हवं. जल्मभर लोकांच्या सदऱ्यांना बटणं लावली. माझी मला लावू दे की. हात चालतोय तोवर माझा हाय, तुझा न्हवं."

मग थरथरत्या बोटांनी एकेक बटण. आम्ही दहा जणी नुसत्या बघत उभ्या. पुस्तकातलं बरंच विसरले, हे नाही विसरले.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. मी हात मागं घेऊन उभी, चाचा बटणं लावताहेत. परीक्षक घड्याळाकडं बघायला लागले. "अहो, मदत करा की त्यांना! नुसत्या उभ्या काय?"

घरची वाट डोळ्यांसमोर दिसायला लागली. तरी कसंबसं विचारलं, "चाचा, लावू का?"

"न्हाय. थांब." शेवटी मात्र मान वर करून म्हणाले, "वरचं तेवढं लाव. मान वळत न्हाय माझी." मी तेवढं एकच लावलं. परीक्षकांच्या कपाळावरची आठी गेली. "असं, विचारून," म्हणत त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

वरचं बटण चाचा दर बुधवारी स्वतःच लावत. मी वर्षभर बघितलं होतं.

बाहेर आल्यावर त्यांना तसं म्हणाले, तर डाफरलेच. "व्हय? मग तू मास्तर, मी इद्यार्थी. जा, घरी तार कर जा."

चाचा, त्या एका बटणाचं कर्ज माझ्या अंगावर आहे. माझी बोटं थरथरायला लागली, की मीही अशाच एखाद्या वर्गात खुर्चीवर जाऊन बसेन. समोर एखादी घाबरलेली पोर असेलच. तिला वरचं बटण लावायला सांगून तुमची फेड करीन.