शकूच्या हाताचे ठसे

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. तिचे यजमान नुसतं "वहिनी, शकू गेली" एवढंच बोलले, आणि मी मूर्खासारखी विचारते, "कुठं?"… तात्यापाऱ्यात, या हिंदी शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात, आम्ही चाळीस वर्षं शेजारणी. भांडलो, बोललो, एकमेकींच्या पोट्ट्यांना झोडपलंसुद्धा. आता महिना झाला, पण हे सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

शकू चौबे कॉलनीतल्या एका घरी स्वयंपाक करायची. मागच्या वर्षी तिथल्या बाईंच्या बांगड्या दिसेनात, तर पोलिसांनी शकूलाच धरून नेलं. दहाही बोटं, दोन्ही तळवे, डोळ्यांचे फोटो, सगळं मशीनवर घेतलं. चौथ्या दिवशी बांगड्या बाईंच्याच कपाटात सापडल्या. "गलती हो गई," बाई म्हणाल्या, झालं. शकू सुटली, ठसे राहिले. खटला न चालता सुटलेल्याचे ठसे काढून टाकायचे असं कायद्यातच आहे, हे वकिलानं सांगितल्यावर तिनं अर्ज केला. मग एकच ध्यास, चोरांच्या यादीतून आपले हात काढायचे. दर सोमवारी ठाण्यात. मुन्शी म्हणायचा, "अम्मा, ऑर्डर ऊपर से आएगा." नाहीतर पंच्याहत्तर वर्षं ठेवतात म्हणे. "मले पासष्टावं लागलं," शकू हसायची, "माह्यापेक्षा माहे हातच जास्त जगतीन!"

आता माझं सांगते. आमच्याकडे लग्नात सवाष्णी दाराशी हळदीच्या हाताचे थापे उमटवतात. पाऱ्यात कोणाचंही लग्न असो, पहिला हात शकूचा. तो लाभतो, असं मीच सगळ्यांना सांगायची. नातीच्या लग्नात ती पदर खोचून पुढं आली, तर सून माझ्या कानाशी, "मम्मी, लड़के वालों को थाने का पता चल गया है…" हळदीची परात माझ्याच हातात होती. म्हटलं, "शकू, यंदा राहू दे. तुझी तब्येत…"

"तब्येतीले काय झालं माह्या?" सगळ्यांसमोर विचारलं तिनं. मग माझ्याकडे पाहिलं. "हव, समजलं. पोलिसाले माहा हात पायजे, अन् तुले नको."

त्यानंतर ती माझा उंबरा चढली नाही. मीही गेले नाही… दोन महिन्यांनी तिचं हृदय थांबलं.

तेरावं झाल्यावर शिपाई कागद घेऊन आला. अर्जदारानं ओळख पटवायला स्वतः हजर राहावं. शकूचे यजमान म्हणाले, ती गेली. "तो मृत्यु प्रमाणपत्र लगा दीजिए अंकल, आवेदन बंद हो जाएगा."

"और उसके हाथ?"

"वो तो रहेंगे."

आमच्या दाराशी नातीच्या लग्नाचे थापे अजून आहेत. सून म्हणते, रंग मारून टाकू. मी मारू देत नाही. रोज कुलूप लावताना बघते. पाच हात, एकमेकांना खेटून… शकूसाठी बोटभरही जागा सोडलेली नाही.