शुक्रवारी शांत बसणारी मुलगी

आमच्या घरात रविवार शुक्रवारी यायचा. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो आणि तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. दुरुस्तीच्या कामासाठी त्या दिवशी आमच्या भागातली लाइटही सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद असायची. दवाखाना, रेशन, नातेवाईक, जे काही असेल ते शुक्रवारी. लेकीसाठी शाळा शोधली तीही शुक्रवारीच, आणि तिथेच माझी फसगत झाली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लेक सहा वर्षांची होती. बोलायची कमी, आणि बोलली तर आपलंच वाक्य आपल्याला परत करायची. "पाणी हवं का?" विचारलं की "पाणी हवं का?" म्हणायची आणि पेला घ्यायची. ठाण्यात नौपाड्यातल्या एका डॉक्टरांनी तिला बराच वेळ खेळू दिलं आणि चिठ्ठीवर 'ऑटिझम' असा शब्द लिहून दिला. आम्ही दोघांनी तो पहिल्यांदाच वाचला. औषध विचारलं तर म्हणाले, "औषध नाही. तिला मानवेल अशी शाळा शोधा." डॉक्टरकडे जाऊन शाळेची चौकशी करून यायचं हे कुठलं शास्त्र, असं मी रिक्षा मिळेपर्यंत बडबडत होतो. बायकोने चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली.

घराजवळच्या शाळेत लेक आधीच जून महिन्यात अकरा दिवस काढून आली होती. कानांवर हात घेऊन किंचाळायची. बाराव्या दिवशी बाईंनी दप्तर आणि मुलगी दोन्ही आमच्या ताब्यात दिली. मग माझा मोठा भाऊ घरी आला. कसाऱ्याच्या पुढे अशा मुलांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था त्याने बघून ठेवली होती. "संक्रांतीपर्यंत शाळा मिळाली तर ठीक, नाहीतर तिथे ठेवा. तुमचंही आयुष्य आहे रे," तो म्हणाला. वाईट मनाने नाही म्हणाला. पण त्या दिवसापासून बायको लेकीला शेजारणीकडे दहा मिनिटंही सोडेना.

पहिल्या शुक्रवारी आम्ही ठाण्याला गेलो. नौपाड्यातच एका घराच्या तळमजल्यावर विशेष मुलांचा वर्ग चालायचा. आठ मुलं, दोन बाई. लेक आत गेली आणि पाचव्या मिनिटाला किंचाळायला लागली. मी तिथल्या तिथे निकाल दिला, की ती त्या मुलांना बघून घाबरली. एक मुलगा सारखा पुढे-मागे झुलत होता. आपली पोर असल्या मुलांतली नाहीच, असं मी ठासून म्हणालो.

पुढच्या शुक्रवारी डोंबिवलीतली, एमआयडीसीच्या वसाहतीजवळची साधी मराठी शाळा बघितली. बावन्न मुलांचा वर्ग. मुख्याध्यापिका कडक होत्या, पण "बसवून बघू" म्हणाल्या. लेक शेवटच्या बाकावर पाटीवर गोल काढत तासभर बसली. शेजारची मुलगी तिच्याकडे बघून हसली, तर हीसुद्धा हसली. माझी छाती फुगली. "बघितलंस? साध्या मुलांत साधी वागते. माणसाला नजर पाहिजे," मी बायकोला ऐकवलं आणि नाव घालून आलो.

सोमवारी अकरा वाजता कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन चालत माझ्यापर्यंत आला. "फिटर, शाळेचा फोन. पोरगीला घेऊन जा म्हणतात." मंगळवारी तेच. बुधवारी, गुरुवारी तेच. शुक्रवारी मी स्वतः तिला सोडलं आणि दिवसभर काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यातही चार दिवस फोन आणि शुक्रवारी शांतता. यावरून मी असा निष्कर्ष काढला की वडील सोडायला गेले की मुलगी शहाणी होते आणि आईने तिला लाडावून ठेवलंय. हे मी बायकोला तोंडावर बोललो. आज आठवलं तरी लाज वाटते.

"अहो, मग सोमवारी रजा टाका आणि तुम्हीच न्या," बायको शांतपणे म्हणाली.

नेलं. वर्गात बसवलं आणि खिडकीखाली मैदानात उभा राहिलो. प्रार्थना झाली, मुलं बसली, शिपायाने बटणं दाबली. चार पंखे सुरू झाले. एकाचं बेअरिंग गेलेलं होतं, ते घरघरत होतं. दुसऱ्याचा छताजवळचा कप दांडीवर टकटक आपटत होता. वर ट्यूबलाइटचे चोक गुणगुणत होते. मिनिटभरात माझ्या लेकीची किंकाळी ऐकू आली.

मोटारीला स्क्रूड्रायव्हर लावून, त्याची मूठ कानाला लावून, आत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस मी. दुसऱ्या खात्यातले लोक मला बोलवून न्यायचे. घरचा पंखा दर दिवाळीला खोलून गप्प केलेला, आणि ट्यूब आमच्याकडे नव्हतीच, बल्ब होते. जूनपासून मी फक्त तिचं किंचाळणं ऐकत होतो. तिला काय ऐकू येतंय हे एकदाही ऐकलं नव्हतं. शुक्रवारी ती माझ्यामुळे नाही, लाइट नसल्यामुळे शांत बसत होती. मी नळाच्या कट्ट्यावर बसलो आणि कपाळाला हात लावला.

मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. सगळे पंखे मी दुरुस्त करतो म्हणालो.

"पंखे कराल हो," त्या म्हणाल्या. "पण बाकांची ओढाओढ, मधल्या सुट्टीचा गोंधळ, घंटा, ते कसं दुरुस्त कराल? खरं सांगू का? मी तुमच्या मुलीला सांभाळू शकते, पण फक्त शुक्रवारी."

मला राग आला. घरी पोचेपर्यंत तो टिकला. मग लक्षात आलं की इतकं खरं आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही रजा टाकली आणि तिघं पुन्हा नौपाड्यात गेलो. या वेळी मी तोंड बंद ठेवलं. दारातच बायकोने विचारलं, "बाई, पंखा आणि ट्यूब बंद करता येईल का?" का, कशाला, याची उत्तरं मी मनात तयार करत होतो. बाईंनी उठून दोन्ही बटणं बंद केली, खिडकी सताड उघडली आणि वही घेऊन बसल्या. "अजून कशाकशाचा त्रास होतो तिला? सांगा, लिहून घेते."

बायको सांगत गेली. कुकरची शिट्टी, टाळ्या, स्टीलचं भांडं पडणं, लोकरीचा स्वेटर, कोणी मागून हात लावणं. अर्धा तास बोलत होती. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तेवढ्यात लेक त्या झुलणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसली होती. तिने त्याच्या हातावर एक लाकडी मणी ठेवला, त्याने तो परत दिला, तिने पुन्हा ठेवला. मागच्या वेळी मी या मुलांबद्दल जे बोललो होतो ते मला आठवत होतं. मी बाईंच्या पंख्याकडे बघत बसलो. येत्या शुक्रवारी येऊन दुरुस्त करतो म्हटलं, आणि केला. ठाण्यात शुक्रवारीही लाइट असायची, म्हणून तर ती पहिल्या वेळी तिथे किंचाळली होती.

त्यानंतरच्या सोमवारी बायको लेकीला घेऊन ठाण्याला गेली आणि मी कामावर गेलो. हात कामात, लक्ष घड्याळात. अकरा वाजले आणि गेटकडून वॉचमन माझ्या दिशेने चालत येताना दिसला. पाना खाली ठेवला, हात पुसले. हेही गेलं, आता कसारा, एवढंच डोक्यात होतं.

"फिटर," तो म्हणाला, "केबिनमधला टेबलफॅन लय खडखड करतोय. बघतोस का जरा?"

"फोन कोणाचा आहे?"

"कसला फोन?"

मी तिथेच मोटारीशेजारी जमिनीवर बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता रडू आलं तेही अडवलं नाही. वॉचमन बिचारा पाणी आणायला धावला. मग त्याच्या केबिनमध्ये जाऊन मी पंखा खोलला, बुश बदलला, तेल घातलं, पाती सरळ केली. पंखा लावलाय की नाही हे हात पुढे केल्यावरच कळावं, इतका तो गप्प झाला. शेजारी टेबलावर काळा फोन होता. तो संध्याकाळपर्यंत वाजला नाही.