नेहमीचा पंच

नव्वदच्या सुमारास उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कामाला जाताना तो मला रोज दिसायचा, पोलीस चौकीसमोरच्या टपरीवर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. हवालदाराने हाक मारली की चहा ठेवून उठायचा, पंचनाम्यावर न वाचताच वळणदार सही करायचा आणि परत येऊन तोच गार चहा प्यायचा.

माझ्या भावाला भोसकाभोसकीच्या केसमध्ये अडकवलं, तेव्हा कोर्टात पंच म्हणून हाच उभा! "आरोपीच्या चामटोलीच्या घरात, तांदळाच्या डब्यातून चाकू माझ्यासमोर निघाला," असं शपथेवर बोलला. त्याच साक्षीवर भावाला पुढे सात वर्षांची सजा झाली.

साक्ष संपल्यावर मी व्हरांड्यात उभा होतो. रोजचा चेहरा ओळखून तो हसला.

"तुम्ही इथे कसे?"

"मी चामटोलीचा."

"हां, ते नेमकं कुठं आलं हो? आपण कधी गेलो नाय तिकडे."